वस्तीतल्या कामासाठी स्थानिक सरकारचं अनुदान: अर्जाच्या आधीपासून हिशेब मिटेपर्यंत

अनुदान नाकारलं गेलं की वस्तीत काम करणाऱ्या लहान मंडळांना वाईट वाटतं, पण मंडळाचं कंबरडं मोडतं ते बहुतेक वेळा अनुदान मंजूर झाल्यावर. पैसे येण्याआधी खर्च करावा लागतो. केलेला खर्च नियमात बसत नाही. हजेरीच्या वहीवर तारीखच नसते. मग वर्षअखेरीला कार्यकारिणीतले दोघं-तिघं आपल्या खिशातून खड्डा बुजवत बसतात. म्हणून या लेखात अर्जातल्या भाषेला जागा कमी दिली आहे, आणि पैसे कुठून येतात, कधी येतात, कशापायी अडतात याला जास्त.

नगरपालिका, महापालिका, काउंटी, जिल्हा, नाव काहीही असो, या व्यवहाराचा सांगाडा जवळपास सगळीकडे सारखा असतो. समजायला सोपं जावं म्हणून एकच उपक्रम धरून चालू: शाळा सुटल्यानंतरचा अभ्यासवर्ग. ४० मुलं, आठवड्यातून तीन दिवस, रोज दोन तास, वर्षात ३६ आठवडे.

आधी पैशाचा उगम शोधा

कार्यालय एक असतं, पण त्यातल्या थैल्या अनेक असतात. काही पैसा स्थानिक सरकारच्या स्वतःच्या करांतून येतो, काही वरच्या सरकारकडून अटींसकट येतो, काही बांधकाम करणाऱ्यांकडून घेतलेल्या आकारणीतून, तर काही लोकप्रतिनिधीच्या हातातल्या छोट्या निधीतून. तुमच्या उपक्रमाला कोणत्या अटी लागणार हे थैलीवर ठरतं. समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या मनावर फार कमी.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे १९७४ च्या कायद्याने 'कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट' सुरू झाली. केंद्राचा पैसा शहरांकडे येतो आणि शहरं तो पुढे वाटतात. अट अशी की किमान ७० टक्के रक्कम कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडली पाहिजे. पण त्याच योजनेत शिकवणी, समुपदेशन, वृद्धांसाठीचे कार्यक्रम अशा 'सेवां'वर साधारणपणे १५ टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही. याचा अर्थ असा की आपला अभ्यासवर्ग त्या १५ टक्क्यांतल्या गर्दीत उभा राहतो. शहरातल्या सगळ्या सेवाभावी संस्था त्याच रांगेत असतात. मात्र तो वर्ग जिथे भरतो त्या सभागृहाचं गळकं छप्पर दुरुस्त करायचं असेल, तर तो खर्च त्या मर्यादेत मोजला जात नाही. गरज एकाच वस्तीची, पण दारं दोन. हे ठाऊक नसल्यामुळे मंडळं वर्षानुवर्षं चुकीच्या दारावर थापा मारत राहतात.

इंग्लंडमध्ये नव्या बांधकामावर एक आकारणी असते. जिथे ती लागू आहे तिथे त्यातला १५ टक्के वाटा त्या परिसरासाठी ठेवला जातो, आणि परिसराने स्वतःचा विकास आराखडा रीतसर मंजूर करून घेतला असेल तर २५ टक्के. पण हा पैसा बांधकामामुळे परिसरावर पडलेल्या भाराशी जोडून दाखवावा लागतो. तिथे अभ्यासवर्ग मागायचा तर 'नव्या इमारतींमुळे मुलांची संख्या वाढली' इथून सुरुवात करावी लागेल.

तिसरा प्रकार रहिवाशांच्या मतावर चालतो. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये लोकसहभागी अंदाजपत्रक सुरू केलं. वस्तीच्या सभेत लोक प्राधान्यक्रम ठरवत, आणि पैसा वाटताना ज्या भागात सुविधा कमी त्या भागाला जास्त वजन मिळे. बर्लिनमध्ये १९९९ पासून मागे पडलेल्या भागांत वस्ती-व्यवस्थापनाची कार्यालयं आहेत. तिथल्या रहिवाशांची परिषद प्रकल्प निवडण्यात भाग घेते, आणि अगदी छोट्या कामांसाठी वेगळा निधी असतो, ज्याचा निर्णय रहिवाशांचीच समिती देते. असा छोटा निधी तुमच्याकडे असेल तर पहिल्या वर्षी तिथेच जा. रक्कम किरकोळ असते, पण हिशेब देण्याची सवय लागते आणि 'यांनी आधी अनुदान घेऊन वेळेत मिटवलं' ही ओळ पुढच्या अर्जात फार वजनदार ठरते.

कार्यालयात गेल्यावर तीन गोष्टी विचारा. हा निधी कुठून येतो आणि त्याची लेखी नियमावली कुठे मिळेल? पैसे आगाऊ मिळतात, हप्त्याने की खर्च झाल्यावर? गेल्या वर्षी कोणाला मिळाले, ती यादी बघता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला लोक बिचकतात. बिचकू नका. सार्वजनिक पैशाची यादी सार्वजनिक असायलाच हवी. त्या यादीतल्या दोन संस्थांना भेटलात तर नियमावलीत नसलेलं बरंच काही कळतं.

वस्ती मागे आहे हे कागदावर कसं दाखवायचं

'आमच्या भागात गरिबी फार आहे' या वाक्याला छाननीत गुण मिळत नाहीत, कारण प्रत्येक अर्जात ते असतं.

बहुतेक ठिकाणी दोन मार्ग असतात. पहिला परिसराचा. त्या हद्दीतले ठरावीक टक्के लोक कमी उत्पन्नाचे आहेत हे सरकारी आकड्यांवरून दाखवायचं. वरच्या अमेरिकी योजनेत हा उंबरठा सर्वसाधारणपणे ५१ टक्के आहे. इंग्लंडमध्ये वंचिततेचा निर्देशांक वापरतात. सरासरी दीड हजार वस्तीचे छोटे भाग पाडून सात बाबींवर त्यांची क्रमवारी लावलेली असते, आणि त्यात उत्पन्न व रोजगार यांना प्रत्येकी २२.५ टक्के, म्हणजे सर्वांत जास्त वजन असतं.

इथे एक सापळा आहे. सरकारी भागाची रेघ तुमच्या वस्तीच्या कडेने जाईलच असं नाही. एका बाजूला तुमच्या तीन गल्ल्या आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या घरांची रांग असा भाग पडला की सरासरी चांगली दिसते आणि तुमच्या गल्ल्या आकड्यात गडप होतात. मग आपलंच घरोघरी सर्वेक्षण चालतं का ते विचारायचं. बऱ्याच योजनांत चालतं, पण पद्धत आधी मान्य करून घ्यावी लागते. सर्वेक्षण करून मग विचारायला गेलात तर मेहनत वाया जाण्याची शक्यता जास्त.

दुसरा मार्ग लाभार्थींचा. परिसर कसाही असो, प्रत्यक्ष येणारी माणसं कोण आहेत ते दाखवायचं. यासाठी प्रवेशपत्रावरच कुटुंबातली माणसं आणि उत्पन्नाचा गट विचारावा लागतो. नेमका आकडा विचारू नका, गट द्या आणि खूण करायला सांगा. आकडा विचारला की पालक अर्ज परत घेऊन जातात आणि पुन्हा येत नाहीत. ही माहिती कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार हेही त्याच कागदावर लिहा.

आकड्यांना जोड म्हणून स्वतः थोडी पायपीट करा. संध्याकाळी पाच ते आठ या वेळात वस्तीत मुलांना बसायला कोणती जागा उघडी असते? सर्वांत जवळचं वाचनालय किती मिनिटांवर, आणि वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? तीस-चाळीस घरांशी बोला, तेच तीन प्रश्न सगळ्यांना विचारा, उत्तरं मोजा. 'बोललेल्या ३८ घरांपैकी २९ घरांत मुलांना अभ्यासाला वेगळी जागा नाही' असं एक वाक्य पानभर वर्णनाला भारी पडतं. आणि वस्तीत आधीपासून जे चालू आहे तेही प्रामाणिकपणे लिहा. ते लपवलंत तर छाननी करणारा नेमकं तेच शोधून काढतो.

अर्ज कोणाच्या नावाने

नोंदणी, संस्थेच्या नावाचं बँक खातं, दोन सह्यांची पद्धत, गेल्या वर्षांचे तपासलेले हिशेब, कार्यकारिणीचा ठराव. एवढं लागतंच. मुलांचं काम असेल तर शिकवणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासल्याचा कागद आणि विमाही बहुतेक ठिकाणी मागतात. सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करायची असेल तर ती आजच सुरू करा. तिला कधी कधी आठवडे लागतात, आणि शेवटची तारीख तुमच्यासाठी थांबत नाही.

नोंदणी नसेल तर एखाद्या मोठ्या संस्थेच्या छत्राखाली अर्ज करता येतो. तेव्हा त्या संस्थेशी लेखी करार करा, मग ती कितीही ओळखीची असो. व्यवस्थापनासाठी किती टक्के कापणार, पैसे आल्यावर किती दिवसांत तुमच्याकडे देणार, शिक्षकांची नेमणूक कोण करणार, विकत घेतलेली टेबलं शेवटी कोणाची. या चार गोष्टी तोंडी ठेवल्या की वर्षभराने मैत्री आणि टेबलं दोन्ही जातात.

खर्चाचा तक्ता, आणि खिशातली रोकड

रकमेपासून सुरुवात करू नका, तासांपासून करा. आपल्या वर्गाचे ३६ आठवडे गुणिले ३ दिवस म्हणजे १०८ वर्ग. प्रत्येकी २ तास म्हणजे २१६ तास. दोन शिक्षक असतील तर ४३२ तास. तयारी आणि पालकांशी बोलणं यासाठी आणखी पाचवा हिस्सा धरला तर सुमारे ५१८ तास. आता याला तुमच्याकडच्या दराने गुणा. असं केलं की प्रत्येक रकमेमागे एक कारण उभं राहतं, आणि 'हे कमी करता येईल का' असं कोणी विचारलं तर 'होय, पण मग एक दिवस कमी होईल' असं उत्तर देता येतं.

मुलांची संख्याही अशीच तपासा. नावं ४० असली तरी रोज ४० येत नाहीत. हजेरी ७० टक्के धरली तर दर वर्गाला २८, म्हणजे वर्षभरात ३,०२४ उपस्थिती. ही ३,०२४ मुलं नव्हेत, मुलं ४० च. अहवालात बहुतेक कार्यालयांना वेगवेगळ्या व्यक्तींची संख्या हवी असते. अर्जात उपस्थिती लिहून अहवालात व्यक्ती लिहिल्या तर आकडा एकदम कोसळलेला दिसतो आणि खुलासे करत बसावं लागतं.

भाडं, वीज, हिशेबनीसाचा मोबदला असा वरखर्च लिहायला लोक लाजतात. का लाजावं? अनेक योजनांत त्यासाठी ठरावीक टक्के मान्य असतात. अमेरिकेत केंद्राच्या निधीतून येणाऱ्या अनुदानांसाठी, वेगळा दर ठरलेला नसेल तर, ही मर्यादा १० टक्के होती. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांत ती १५ टक्के झाली. तुमच्या योजनेत काय आहे ते वाचा आणि मिळेल तेवढं मागा. न मागितलेला वरखर्च शेवटी वर्गणीतून जातो.

मग स्वहिस्सा, म्हणजे खर्चातला मंडळाने स्वतः घालायचा वाटा. नियमातला एक शब्द नीट वाचा: २० टक्के कशाचे? एकूण खर्च १०० आणि अनुदान ८० असेल, तर एकूण खर्चाच्या २० टक्के म्हणजे २०, पण अनुदानाच्या २० टक्के म्हणजे १६. स्वहिश्शात स्वयंसेवकांचे तास चालतात का तेही पाहा. चालत असतील तर त्यांचं मोल कामावरून ठरतं, माणसावरून नाही. वकिलाने भिंत रंगवली तर दर रंगाऱ्याचाच लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बरीच स्थानिक अनुदानं प्रतिपूर्तीची असतात: आधी तुम्ही खर्च करायचा, पावत्या लावून मागणी करायची, मग पैसे. समजा वर्षाचा खर्च १०० भाग, दर महिन्याला साधारण ८.३. मागणी तिमाहीने करायची आहे. तिसरा महिना संपला, कागद जुळवायला दोन आठवडे गेले, तपासून पैसे जमा व्हायला ६० दिवस लागले. पहिला पैसा येतो सहाव्या महिन्याच्या मध्यावर. तोवर तुमचा खर्च झाला सुमारे ४६ भाग. म्हणजे ८० भागांचं अनुदान घेण्यासाठी जवळपास निम्म्या वर्षाची रोकड तुमच्याकडे आधीच असायला हवी. कागदात एक त्रुटी निघाली आणि महिनाभर लांबलं तर ५४ भाग.

हेच महिन्याच्या मागणीने केलं तर पहिला पैसा चौथ्या महिन्याच्या मध्यावर येतो आणि लागणारी रोकड २९ भागांवर उतरते. म्हणून करारावर सही करण्याआधी दर महिन्याला मागणी करण्याची मुभा किंवा थोडी आगाऊ रक्कम मागून घ्या. सही झाल्यावर हा विषय कोणी ऐकून घेत नाही. दोन्ही मिळत नसेल आणि हातात रोकड नसेल, तर मागणीचा आकार कमी करा. वीस मुलांचा वर्ग नीट चालवणं हे चाळीस मुलांचा वर्ग पाचव्या महिन्यात बंद करण्यापेक्षा केव्हाही बरं. मी हे सांगतो तेव्हा माणसं मान हलवतात आणि तरी चाळीसच लिहितात.

अर्ज लिहिताना

गुणांकनाचा तक्ता दिलेला असेल तर तोच तुमचा आराखडा. ज्या मुद्द्याला ३० गुण त्याला जास्त जागा, ज्याला ५ त्याला दोन ओळी. प्रश्नाचं उत्तर त्याच प्रश्नाखाली द्या. 'वर पाहा' असं लिहिलं की तपासणारा वर पाहत नाही.

काय केलं आणि त्याने काय बदललं हे वेगळं ठेवा. १०८ वर्ग घेतले, हे केलेलं काम. नोंदवलेल्या मुलांपैकी किती जणांचा गृहपाठ नियमित झाला, हा बदल. बदल असा निवडा जो तुम्हाला मोजता येईल. शाळेकडून गुण मिळणार नसतील तर 'गुण वाढतील' असं लिहून गळ्यात दगड बांधून घेऊ नका.

पाठिंब्याची पत्रं तीन पुरेत, पण प्रत्येकाने काय देणार ते लिहिलेलं असावं: शाळा मुलं पाठवेल, सभागृहवाले मंगळवार-बुधवार-शुक्रवार जागा देतील. 'उपक्रमास हार्दिक शुभेच्छा' हे पत्र फाइल जाड करतं, बाकी काही नाही.

आणि दोन दिवस आधी पाठवा. शेवटच्या तासाला संकेतस्थळ बसतं.

मंजुरीनंतर, पहिला रुपया खर्च करण्याआधी

अभिनंदनाचं पत्र म्हणजे करार नव्हे. कराराच्या तारखेआधी केलेला खर्च बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि उत्साहाच्या भरात आधीच खुर्च्या आणून ठेवणारी मंडळं दर वर्षी निघतातच. करारात या जागांवर पेन्सिलने खूण करा: खर्च करता येण्याची पहिली आणि शेवटची तारीख, एका बाबीतून दुसरीत किती रक्कम परवानगीशिवाय वळवता येते, किती रकमेच्या खरेदीला किती दरपत्रकं लागतात, अखर्चित रकमेचं काय, कागद किती वर्षं जपायचे. काही बदल करायचा झाला तर लेखी परवानगी घ्या. अधिकारी फोनवर 'चालेल' म्हणाले तर फोन ठेवल्याबरोबर 'आपल्या बोलण्याप्रमाणे आम्ही असं करत आहोत' असा दोन ओळींचा ईमेल पाठवा. तो अधिकारी बदलून जातो, ईमेल राहतो.

एक फाइल उघडा आणि तिची रचना खर्चाच्या तक्त्यासारखीच ठेवा. प्रत्येक पावतीसोबत चार गोष्टी: काय घेतलं, कोणत्या बाबीत बसतं, कोणी मंजूर केलं, पैसे गेल्याचा बँकेचा पुरावा. शिक्षकांना मोबदला देताना तासांची नोंद त्यांच्या सहीनिशी. हजेरीच्या प्रत्येक पानावर तारीख, वेळ, जागा. आमच्या मंडळाची एक मागणी पूर्ण परत आली होती. खर्च खरा होता, मुलं खरी होती, पण तीन आठवड्यांच्या हजेरीवर वर्ष लिहिलं नव्हतं. तेव्हा संताप आला. आता वाटतं, समोरच्यालाही कोणाला तरी उत्तर द्यायचंच होतं.

हे काम वर्षाअखेरीला साठवू नका. आठवड्यातून एक तास, एकच माणूस, ठरलेला वार. शिकवणाऱ्याच्या गळ्यात हे काम घालू नका. तो चांगला शिकवतो म्हणूनच त्याच्या पावत्या हरवलेल्या असतात.

मधल्या वाटेवर अडलं तर

तिसऱ्या महिन्यात चाळीस ऐवजी अठराच मुलं येत आहेत. सर्वसाधारण सवय अशी की गप्प बसायचं आणि अहवालात गोलमोल लिहायचं. त्याऐवजी तेव्हाच कळवा: कारण काय सापडलं, वेळ बदलली का, नवा आकडा किती. खर्च मागे पडत असेल तरी कळवा. ज्या शहरांना वरून निधी येतो त्यांच्यावरही तो वेळेत संपवण्याचं बंधन असतं, त्यामुळे वापरली न जाणारी रक्कम वेळीच कळली तर ती दुसरीकडे वळवता येते आणि तुमच्यावर राग राहत नाही. मार्चमध्ये संपणाऱ्या वर्षाची अखर्चित रक्कम मार्चमध्येच सांगितली तर मात्र राहतो.

अर्ज नाकारला गेला असेल तर गुणपत्रक मागा. आपला कोणता मुद्दा किती गुणांनी कमी पडला हे कळलं की पुढच्या वर्षीचा अर्ज निम्मा तयार असतो. अंदाजपत्रकावरची सार्वजनिक सुनावणी होते तेव्हा जा, आणि एकटे जाऊ नका. दोन पालक आणि एक मोठा मुलगा दोन-दोन मिनिटं बोलले तरी पुरतं. कोणत्या कामासाठी थैली उघडायची हे पुष्कळदा अर्जांच्या बरेच महिने आधी, त्या जवळपास रिकाम्या सभागृहात ठरत असतं.

हिशेब मिटवताना

शेवटच्या महिन्यात नवी खरेदी काढू नका. वर्ष संपताना अचानक घेतलेल्या लॅपटॉपवर तपासणीत पहिलं बोट जातं. शेवटची मागणी, अंतिम अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि वस्तूंची यादी एकत्र द्या आणि पोचपावती घ्या. यादीत वस्तू कुठे ठेवली आहे तेही लिहा. अमेरिकेतल्या केंद्रीय निधीसाठी कागद साधारण तीन वर्षं जपावे लागतात, इतर ठिकाणी मुदत याहून मोठीही असते. ती अंतिम हिशेब दिल्यापासून मोजायची की वर्ष संपल्यापासून, ते करारात बघा. एक प्रत संस्थेच्या कपाटात आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा, आणि खजिनदार बदलला तर त्या दिवशी दोघांच्या सहीने फाइलची पानं मोजून ताब्यात द्या.